हायवेच्या आवाजाची सवय झाली म्हणता, मग झोप पुरी का होत नाही?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगतो. एरंडोल-पारोळा पट्ट्यात तुमचं घर, सुरत-नागपूर हायवेपासून साधारण 60-70 मीटरवर, आणि जवळच स्पीड ब्रेकर. राहायला येऊन तीन वर्षं झाली, पहिले सहा महिने त्रास झाला पण आता ट्रकचा आवाज ऐकूसुद्धा येत नाही असं तुम्ही लिहिलंय. तरी सात-आठ तास झोपून सकाळी डोकं जड, दुपारी ऑफिसात डुलकी, आणि आईची (वय 66) बीपीची गोळी दीड वर्षात दोनदा वाढवावी लागली. आता खिडकीवाल्याने साउंडप्रूफ काचांचं 1 लाख 40 हजारांचं कोटेशन दिलंय, आणि हा खर्च करू का असं तुम्ही विचारताय.

काचेचं नंतर बोलू. तुमच्या प्रश्नातली खरी गोष्ट तुम्ही सहज लिहून पुढे गेलात, ती म्हणजे "आता सवय झाली". मी जळगावात फिजिशियन आहे, वीस वर्षांवर प्रॅक्टिस झाली, गेली बरीच वर्षं झोपेच्या तपासण्याही करतो, आणि हायवेवरच्या गावातून येणारा जवळपास प्रत्येक पेशंट हेच वाक्य बोलतो. आपल्याकडे म्हातारी माणसंही नव्या सुनेला हेच सांगतात, व्हई जाई सवय. सवय होते हे खरंच आहे, पण कशाची होते ते नीट समजून घ्या.

झोपेत कान बंद होत नाहीत. डोळ्यांना पापण्या आहेत, कानाला काही नाही, त्यामुळे आवाज रात्रभर आत जातच असतो आणि मेंदू त्याची चाळणी करत राहतो. म्हणून तर बाळंतीण बाळाच्या बारीक हुंकाराने जागी होते आणि त्याच वेळी बाहेरून गेलेला टँकर तिला कळत नाही. ट्रक धोक्याचा नाही हे मेंदू काही आठवड्यांत शिकतो आणि तुम्हाला पूर्ण जागं करणं कमी करतो, इथपर्यंत सवय. पण प्रत्येक मोठ्या आवाजाला नाडी थोडी उडते, रक्तवाहिन्या आवळतात, गाढ झोप काही सेकंदांसाठी उथळ होते, आणि हे वर्षानुवर्षं चालू राहतं. सकाळी तुम्हाला त्यातलं काही आठवत नाही कारण इतक्या छोट्या जागेपणाची आठवण राहतच नाही.

एक उदाहरण सांगतो. भुसावळकडच्या एक ताई होत्या, पन्नाशीच्या, घर हायवेला लागून, तक्रार तुमच्यासारखीच. त्यांना एका रात्रीसाठी घरी लावायचं मशीन दिलं, बोटाला क्लिप, छातीला पट्टा, नाकाशी नळी. त्यांच्या मुलाला सांगितलं की उशीजवळ दुसरा मोबाईल रेकॉर्डिंग चालू करून ठेव आणि घड्याळाची वेळ दोन्हीकडे जुळवून घे. दुसऱ्या दिवशी दोन्ही शेजारी लावून बसलो. रात्री 2:47 ला एअर ब्रेकचा फुस्स आवाज, मग रिकाम्या ट्रॉलीची ब्रेकरवरची खडखड, मग ड्रायव्हरने गिअर टाकून पिकअप घेतला. ग्राफवर नाडी 61 वर होती ती 70 वर गेली, वीसेक सेकंद तिथेच राहिली आणि हळूहळू खाली आली. ताई कुशीवरसुद्धा वळल्या नव्हत्या. अशा उड्या त्या रात्रीत चाळीसच्या वर मोजल्या आणि आम्ही कंटाळून मोजणं सोडलं. ताई म्हणत होत्या, डॉक्टर, काल तर झोप छान लागली होती.

हे फक्त माझ्या ओपीडीतलं निरीक्षण नाही. युरोपात विमानतळांजवळ राहणाऱ्या लोकांवर हायना नावाचा मोठा अभ्यास झाला, त्यात 140 लोकांना रात्रभर दर 15 मिनिटांनी बीपी मोजणारा पट्टा लावला होता. 2008 मध्ये त्याचे निकाल आले. खोलीत 35 डेसिबलच्या वरचा आवाज झाला की वरचं बीपी सरासरी 6 पॉइंटने वाढलेलं दिसलं, माणूस झोपेत असताना. आणि आवाज विमानाचा, रस्त्यावरच्या गाडीचा की शेजारी झोपलेल्याच्या घोरण्याचा, याने फारसा फरक पडला नाही. आता आईच्या गोळीचा विचार करा. निरोगी माणसाचं बीपी रात्री 10 ते 20 टक्के खाली उतरतं, हृदयाला तेवढीच विश्रांती. ते उतरणंच नीट झालं नाही तर दिवसाच्या गोळीवर ताण येतो. आईचं बीपी हायवेमुळेच वाढलं असं मी म्हणणार नाही, वय आहे, मीठ आहे, चालणं कमी झालं असेल, गोळी कधी चुकत असेल. पण हायवेला यादीतून बाहेर काढू नका एवढंच माझं म्हणणं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये पश्चिम युरोपापुरता हिशोब मांडला होता, वाहतुकीच्या आवाजाने दरवर्षी किमान 10 लाख निरोगी वर्षं वाया जातात, आणि त्यातला सर्वात मोठा वाटा, 9 लाखांच्या वर, निव्वळ झोपमोडीचा. हृदयविकारापेक्षाही जास्त. आपल्याकडे असा हिशोब करायला कोणी बसत नाही आणि लोक तर ट्रकच्या आवाजाला तक्रार करण्यासारखी गोष्टच मानत नाहीत, मला याचं मनापासून वाईट वाटतं.

आता डेसिबल म्हणजे काय ते थोडं बघू, कारण कोटेशनमध्ये हाच शब्द तुमच्यासमोर टाकतील. 10 डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. आपल्याकडे ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले, त्यात रहिवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत मर्यादा 45 डेसिबल आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये रस्त्याच्या वाहतुकीसाठी रात्रीचा आकडा 45 च सांगितला, घराबाहेर मोजून. आणि बेडरूमच्या आत सरासरी 30, मधेच उठणारं टोक 45 च्या वर नको, हा त्यांचा 1999 चा जुना सल्ला मला अजूनही सर्वात कामाचा वाटतो कारण त्यात टोक वेगळं धरलंय. हायवेवरच्या पेशंटच्या घरी मी कितीतरी वेळा मोबाईल धरून बघितलंय, बाहेर रात्री 60-65 सहज दिसतं.

टोकाचं का म्हणतोय ते सांगतो. एकसारखा आवाज झोपेला तितका नडत नाही, अचानक उठणारा नडतो. आपल्या खानदेशात याचा पुरावा घरोघरी आहे आणि तो म्हणजे कूलर. मे महिन्यात 44-45 तापमानात तो डब्बा खिडकीत घरघरत असतो, चांगला मोठा आवाज असतो त्याचा, तरी माणूस गाढ झोपतो, आणि रात्री दोनला लाईट गेली की गरम व्हायच्या आधीच जाग येते कारण तो पडदा एकदम उठला आणि मागून ट्रक ऐकू यायला लागले. तुमचं पण बघा, तक्रार दिवाळीनंतर जास्त वाढते का? माझ्याकडे हायवेवाले पेशंट थंडीत जास्त येतात. एक तर कूलर बंद झालेला असतो. दुसरं म्हणजे थंडीच्या निरभ्र आणि वारा नसलेल्या रात्री जमिनीलगतची हवा गार पडते, वरची त्यामानाने गरम राहते, आणि त्यामुळे वर जाणारा आवाज वाकून परत खाली येतो आणि लांबपर्यंत पोचतो. लोक म्हणतात डॉक्टर हिवाळ्यात हायवे जवळ सरकतो, आणि त्यांचं चुकत नाही.

मग सगळ्यांना सारखाच त्रास का होत नाही? वय आहे, म्हातारपणी गाढ झोप मुळातच कमी होते म्हणून त्याच ट्रकने आजोबा उठतात आणि नातू घोरत पडतो. वेळ आहे, रात्री बाराला झोपेचा जोर असतो पण पहाटे चार-साडेचारला तो उतरलेला असतो, तेव्हा लहान आवाजही जाग आणतो. आणि आपल्याकडे रात्रीची वाहतूक काही कमी नाही, जुना 3 नंबर (मुंबई-आग्रा) आणि जुना 6 नंबर (तुमचा सुरत-नागपूर) हे दोन्ही हायवे धुळ्यात एकमेकांना कापतात, इकडे रावेर-सावद्याकडची केळी दिवसभर भरून रात्रीच निघते. रेल्वेत किंवा जिनिंगमध्ये नाईट करणाऱ्याचं तर सगळंच उलटं, त्याला दुपारी झोपायचं असतं. घराचा तोंडवळा, मजला, रस्त्याचा चढ, ब्रेकर कुठे आहे, यावर पुष्कळ काही आहे. तुमचा ब्रेकर जवळच असल्यामुळे 60 मीटर हे अंतर दिसतं त्यापेक्षा वाईट आहे, कारण लांबून एकसारखा जाणारा आवाज वेगळा आणि थांबून-आदळून-पिकअप घेणारा वेगळा.

एक गोष्ट मात्र आधी तपासून घ्या. तुम्ही घोरता का? चोपड्याकडचे एक काका दोन वर्षं रस्त्याला शिव्या देत होते, घर विकायला काढलं होतं. तपासणी केली तर झोपेत श्वास अडकत होता आणि ऑक्सिजन 76 पर्यंत खाली जात होता. झोपेत नाकावाटे हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं मशीन लावल्यावर त्याच घरात, त्याच रस्त्यावर माणूस ताजातवाना उठायला लागला. त्यामुळे वहिनींना विचारा की घोरता-घोरता मधेच श्वास थांबून मग मोठा झटका येतो का. येत असेल तर खिडकीचा एक रुपया खर्च करण्याआधी झोपेची तपासणी करा. आईचं पण विचारा, बायकांमध्ये पाळी गेल्यावर हे वाढतं आणि घरात कोणी लक्ष देत नाही. संध्याकाळी सहानंतरचा चहा बंद करा हे वेगळं सांगायला नको.

आता तुमचं कोटेशन. माझं मत स्पष्ट आहे, लगेच करू नका. माझं लहानपण धाब्याच्या घरात गेलं, दोन-दोन फुटी मातीच्या भिंती, वर मातीचं धाबं, एवढीशी खिडकी. गावातून बैलगाड्या, ट्रॅक्टर जायचे पण आत काही कळायचं नाही, कारण आवाज अडवायला वजन लागतं, जितकी भिंत जड तितका आवाज कमी. आता आपण चार इंची विटा आणि त्यात सहा फुटी अॅल्युमिनियमची स्लायडिंग बसवतो. स्लायडिंगमध्ये काच कितीही जाड टाका, दोन पल्ल्यांच्या मध्ये आणि खालच्या ट्रॅकमध्ये फट राहतेच, आणि खिडकीच्या जागेच्या शंभरावा भाग जरी उघडा राहिला तरी काच कितीही भारी असो, 20 डेसिबलच्या वर फायदा मिळत नाही. म्हणजे तुमचे लाख रुपये त्या बोटभर फटीतून निघून जातात. वर छताखालचा झरोका आणि एक्झॉस्टचं भोक हे तर कोणी मोजतच नाही.

त्यामुळे आधी फुकटातलं करा. हायवेच्या उलट्या बाजूला, मागे, एखादी खोली आहे ना? तिथे पलंग हलवा. पूर्ण घर मधे भिंतीसारखं उभं राहतं, त्याने 10 डेसिबल किंवा त्याहून जास्त फरक पडतो, म्हणजे आवाज निम्म्यावर. अर्ध्या घरांत मी बघतो की पुढची हवेशीर खोली बेडरूम असते आणि मागे तांदूळ-गव्हाच्या कोठ्या, जुना पंखा, सायकल. तिथलं सामान पुढे आणा. कूलरही मागच्या खिडकीत घ्या.

मागे खोली नसेल तर फटी बुजवा. हार्डवेअरच्या दुकानात खिडकीची ब्रशपट्टी आणि रबरपट्टी मिळते, दाराखाली लावायची पट्टी मिळते, हजार-दोन हजारांत काम होतं. खिडकी बदलायचीच असेल तर स्लायडिंग काढून कब्ज्यावर उघडणारी, रबर लागलेली घ्या. आणि आहे त्या खिडकीच्या आत चार इंच जागा सोडून दुसरी खिडकी बसवली तर एका जाड काचेपेक्षा कितीतरी बरं काम होतं, दोन काचांची जाडी वेगवेगळी ठेवा. जाड पडदे, अंड्याच्या ट्रेसारखा स्पंज भिंतीला चिकटवणं, हे बाहेरचा आवाज अडवायला उपयोगाचं नाही, त्याने फक्त खोलीतला घुमणारा आवाज कमी होतो. कडुनिंबाची एक रांगही आवाज अडवत नाही, धूळ आणि ऊन अडवते म्हणून जरूर लावा. कंपाउंडची भिंत रस्ता नजरेआड जाईल इतकी उंच असेल तर खालच्या मजल्याला फायदा, वरच्याला शून्य.

पण भाऊ, मे महिन्यात आवाजासाठी खिडक्या बंद करून बसू नका. उकाडा झोप मोडण्यात ट्रकपेक्षा कमी नाही आणि आईच्या वयाला तो धोक्याचाही आहे. उन्हाळ्यात गच्चीवर झोपत असाल तर झोपा, पलंग किंवा बाज जिन्याच्या खोलीच्या मागे, हायवेच्या आडोशाला टाका. तिथे आणि प्रवासात फोमचे इअरप्लग चालतात, बोटांत चुरगाळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, प्लग आत सरकवून फुगेपर्यंत धरून ठेवायचे. वरवर खोचले तर काही उपयोग नाही. कान वाहत असेल किंवा मळ साचलेला असेल तर आधी दाखवून घ्या. थंडीत पंखा एक नंबरवर भिंतीकडे तोंड करून चालू ठेवला तरी त्या एकसारख्या आवाजाने टोकं थोडी बुजतात, हा माझा सर्वात स्वस्त सल्ला आहे आणि बऱ्याच जणांना लागू पडतो.

हॉर्नचं बोलायलाच हवं, कारण नाडीच्या ग्राफवर सर्वात उंच उडी प्रेशर हॉर्नची असते. सुप्रीम कोर्टाने 2005 मध्येच रहिवासी भागात रात्री हॉर्न नको असं सांगितलंय, नियमातही आहे, आणि 2019 मध्ये सुधारलेल्या मोटार वाहन कायद्यात विनाकारण हॉर्नला पहिल्यांदा 1000 आणि नंतर 2000 रुपये दंड आहे. एकट्याने फोन करून फार काही होत नाही हे माहीत आहे. पण पाच-पंचवीस घरांनी सही करून ब्रेकरची जागा बदलण्याचा अर्ज दिला, सोबत रात्रीची रेकॉर्डिंग दिली, तर हलतं. एका गावात ब्रेकर वस्तीपासून पुढे सरकवला गेला आणि त्या भागातले माझे दोन पेशंट पुढच्या व्हिजिटला आपणहून सांगायला लागले की पहाटेची जाग कमी झाली.

तर आता हे करा. आज रात्री उशीजवळ मोबाईलवर आवाज मोजणारं कुठलंही अॅप लावा, एक ते चारच्या मध्ये, आकडा अचूक नसतो पण तुलनेला पुरतो. नेहमी शांत असतानाचा आकडा आणि ट्रक गेल्यावरचा सर्वात वरचा आकडा असे दोन लिहा. उद्या तेच मागच्या खोलीत. मग सात रात्री तुम्ही आणि आई दोघं मागे झोपा, गोळी आहे तीच ठेवा, आपल्या मनाने कमी-जास्त करू नका. आईचं बीपी रोज सकाळी उठल्यावर, गोळी आणि चहाच्या आधी, पाच मिनिटं शांत बसवून दोनदा मोजा आणि वहीत लिहा. त्याआधीचे सात दिवस पुढच्या खोलीतलेही असेच लिहिले तर अजून चांगलं. तुम्ही तुमच्यापुरतं फक्त दुपारी डुलकी आली की नाही एवढं टिपा. चौदा दिवसांची ती वही आणि घोरण्याबद्दल वहिनींचं उत्तर इथे टाका, मग कोटेशनमधली कुठली खिडकी ठेवायची आणि कुठली काढायची ते बसून बघू.